दाढेतला मासा

३ मार्च, सोमवार

सहावा गेला.

सकाळी कुलूप उघडलं, दिवे लावले, काउंटरवरच्या दाढेकडे बघितलं. वर तरंगत नव्हता. उजव्या मुळात उभा अडकला होता, तोंड खाली. चमच्याने निघेना. शेवटी बेसिनवर दाढच उपडी केली.

डॉक्टर साडेदहाला येतात. पावणेदहाला मी माशांच्या दुकानात. शटर अर्धंच वर होतं, वाकून आत गेले. दुकानदार ब्रश तोंडात घालून उभा. "लाल फायटर, शेपटीला पांढरं असलेला," म्हटलं. तो आता कारणही विचारत नाही. पिशवीत पाणी, पाण्यात मासा, वर रबर — दिला हातात.

दहा वीसला सातवा दाढेत. डॉक्टर आले, नेहमीसारखं बोटाने दाढेवर टकटक केलं. "काय दाढोबा, बरं आहे ना?"

दाढोबा बरा आहे. दाढोबा नेहमीच बरा असतो.

४ मार्च, मंगळवार

हे सगळं एकदा नीट लिहून काढलं पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल माझं. आमच्या ह्यांना अर्धंमुर्धं माहीत आहे. बाकी कुणाला काही नाही.

दाढ म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकची पेटी, दाढेच्या आकाराची. वर फुगीर, खाली दोन पोकळ मुळं, त्यांवर ती उभी राहते. तळाला दिवा. तो निळा होतो, गुलाबी होतो, हिरवा होतो, की पुन्हा निळा. पाणी मावतं दीड लिटर. मी मोजलंय. दातांच्या डॉक्टरांचं कसलंसं प्रदर्शन होतं, तिथून आमचे डॉक्टर ती हौसेने घेऊन आले. या एप्रिलला तीन वर्षं होतील. मुलं रडत आत येतात, दाढेत मासा बघतात आणि गप्प होतात. ते मात्र खरं आहे. चौदा वर्षं मी या काउंटरवर बसते, दाढेच्या आधीची बोंबाबोंब मला आठवते.

मासा वहिनींनी आणला. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि दाढेचं सगळं बघायच्या. पाणी, खाणं, पुसणं, सगळं. मला हात लावू द्यायच्या नाहीत. "ताई, तुमच्यामागे काय कमी कामं आहेत?" म्हणायच्या. पावणेदोन वर्षं त्यांनी एकच मासा त्या दाढेत जगवला.

मागच्या वर्षी जानेवारीत वहिनी गेल्या. सकाळी माझ्याशी फोनवर बोलल्या, दुपारी नव्हत्या. हार्ट. दवाखाना आठ दिवस बंद. कुणाला कशाची शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी भाजी निवडताना मला एकदम मासा आठवला. तशीच किल्ली घेऊन निघाले. मेला होता. चार दिवस उपाशी, आणि ते माझ्या लक्षातच नाही.

मी काय करायला हवं होतं, ते आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की हा माणूस चार दिवसांनी दवाखान्यात येणार आणि बायकोचा मासाही मेलेला बघणार. मी जवळच्या दुकानातून तसलाच दुसरा आणला. डॉक्टर आले. दाढेसमोर बराच वेळ उभे राहिले. "हा तेवढा आहे," म्हणाले.

मग कसं सांगणार?

६ मार्च, गुरुवार

एक आजोबा कवळी दाखवायला आले. कवळी घरी विसरले. आज एवढंच लिहिण्यासारखं.

८ मार्च, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांनी आत बोलावलं. टेबलावर एक दाढ. आमच्या दाढेची धाकटी बहीण म्हणावी अशी, अंगाने जरा लहानच. "नमुना करून घेतलाय," म्हणाले. "अशा चाळीस करायला दिल्यात."

चाळीस!

पाच एप्रिलला वहिनींचा वाढदिवस. त्या दिवशी दवाखान्यातल्या चाळीस मुलांना एकेक दाढ द्यायची, आत एकेक लाल मासा. "तिच्या नावाने बाक नको, पाटी नको. जिवंत काहीतरी द्यायचंय," म्हणाले. वर्षभरात त्यांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. चेहरा उजळला होता हो त्यांचा.

मी चाचरत विचारलं, एवढ्याशा जागेत मासा राहील का?

डॉक्टर हसले. "ताई, तुम्ही विचारताय? तुमच्याच नाकासमोर तीन वर्षं राहतोय की."

हात दाखवून अवलक्षण.

मासे मी आणायचे, कारण माशाचं खाणं मीच आणते, दुकान माझ्या माहितीचं. आणि प्रत्येक दाढेबरोबर एक कार्ड, तेही मीच लिहायचं, कारण अक्षर माझं चांगलं. मजकूर त्यांनी सांगितला: 'या दाढेत एक मासा तीन वर्षं सुखाने राहिला आहे. तुमचाही राहील.'

चाळीस वेळा लिहायचं हे.

९ मार्च, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. हे पाणीखात्यात मीटर वाचायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता घरातलं जे दिसेल ते वाचतात. पेपर खाली न ठेवता ऐकलं आणि म्हणाले, "मासा काही पोसता आला नाही तुला, खोटं मात्र छान पोसलंस."

राग आला. भांडी आपटून घासली. पण बोलले त्यात चूक काय होतं?

मी कमी काय केलं? दुसऱ्या माशाला खाणं जास्त होतंय वाटलं, म्हणून तिसऱ्याला कमी केलं. तो गेल्यावर वाटलं, कमी पडलं असेल. चौथ्याला डिस्टिल्ड पाणी घातलं, डॉक्टरांची हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये घालतो ते. त्याहून स्वच्छ पाणी गावात नाही. नवव्या दिवशी गेला! घाण सगळी मुळांत जाऊन बसते. ती मी रोज सिरिंजने ओढून काढते, दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश असतो तो कोपऱ्यांतून फिरवते. डॉक्टर महिन्यात करत नसतील इतकी रूट कॅनाल मी करते, तीही एकाच दाढेची. तरी दोन महिने. फार तर तीन.

दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "फायटर कशातही जगतो, मावशी. पेल्यातसुद्धा." दुकान त्याच्या वडिलांचं. ते मागच्या वर्षाच्या सुरुवातीला पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून लेकीकडे आहेत. हा नुसता बसतो, मोबाइलमध्ये बघत बोलतो. त्याला काय विचारायचं!

वहिनी नेमकं काय करायच्या ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, पाच-दहा मिनिटांत आटपायच्या. आणि मासा पावणेदोन वर्षं. हाताला गुण लागतो, दुसरं काय? माझ्या हातचं कुंडीतलं झाडसुद्धा धड येत नाही.

१२ मार्च, बुधवार

तारवाली आली होती. अकरा वर्षांची आहे, दर महिन्याला दातांच्या तारा आवळायला येते. आई बाहेर फोनवर, आणि ही दाढेला नाक लावून.

"मावशी, याचं पांढरं आधी शेपटीच्या मधे होतं. आता टोकाला आहे."

"वाढतात मासे," मी म्हटलं.

"पांढरं सरकतं?"

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. तिने काही सोडलं नाही. "हा दोनदा शेपूट हलवतो की काच येते. मग वळतो. वळताना शेपूट घासतं. मी मघापासून मोजतेय, तो एकदाही सरळ तीनदा हलला नाही."

डॉक्टरांनी आत बोलावलं म्हणून सुटले. जाताना ओठ दाबत म्हणाली — तारा आवळल्या की दुखतं — "मला पण मिळणार ना दाढ? डॉक्टरकाका म्हणाले. मी नावपण ठरवलंय."

नाव काय ते मी विचारलं नाही.

दाताला केसाएवढी चीर असली तरी डॉक्टरांना दिसते. मासा सात वेळा बदलला, ते मात्र दिसलं नाही. त्यांना बघायचंच नसेल. कोण जाणे!

१५ मार्च, शनिवार

कार्डं आली. कोरी, जाड, कडेला निळी रेघ. दुपारी लिहायला बसले. 'या दाढेत एक मासा तीन' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. डॉक्टर मागून जात होते. "काय झालं?" म्हटलं, पेन नीट चालत नाही. त्यांनी खिशातलं स्वतःचं काढून दिलं.

आता पेनही चांगलं आहे. आता काय सबब सांगू?

१९ मार्च, बुधवार

दाढोबा खात नाही. दाणा टाकला तो वरच भिजत राहिला.

२२ मार्च, शनिवार

डाव्या मुळात जाऊन बसलाय. पंख अंगाला चिकटलेले. मधूनच वर येतो, तोंडाने हवा घेतो, परत खाली. हे मला पाठ झालंय आता. यापुढे चार दिवस, फार तर पाच.

बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी मी पुन्हा वाकून त्या शटरखालून जाणार, आठवा आणणार, आणि पाच एप्रिलला चाळीस. चाळीस घरांत चाळीस पोरं सकाळी उठून दाढेत बघणार. त्यांच्याकडे मी नाही मासा बदलायला. आणि प्रत्येकाला वाटणार आपल्याच हातून मेला, कारण कार्डावर लिहिलंय की एक मासा तीन वर्षं राहिला. माझ्या अक्षरात.

हे आज बसमध्ये बसल्यावर सुचलं. आधी सुचायला हवं होतं. मी आपली डॉक्टरांचं मन जपण्यातच गुंग.

पण बसमध्ये सुचलं तेव्हा मांडीवर डबा होता, आणि डब्यात मासा होता. निघताना मी त्याला काढूनच घेतला. का, ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. दाढ रिकामी, दिवा बंद. उद्या रविवार, कुणाला कळणार नाही.

घरी कपडे भिजवायचा मोठा टब रिकामा केला. पाणी भरून उन्हात ठेवलेलं होतं तेच घातलं. हे म्हणाले, "कपडे कशात भिजवू आता?" म्हटलं, नका भिजवू.

२३ मार्च, रविवार

सकाळी सहाला उठून बघितलं. टबात मासा दिसेना. मग पलीकडच्या कडेला दिसला — पोहत होता! कडेकडेने, पूर्ण फेरी. मग मधून आरपार. शेपटी एवढी मोठी आहे त्याची, हे मला माहीतच नव्हतं. दाढेत ती कधी पुरती उघडलेली मी बघितली नाही. सात मासे आणले, एकाचीही बघितली नाही.

हे खुर्ची घेऊन टबाशी बसले. सवय जाते का? थोड्या वेळाने रीडिंग आलं, "या काठापासून त्या काठापर्यंत अकरा वेळा शेपूट हलवतो."

दुपारी दाणा खाल्ला. तीन खाल्ले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. माशासाठी की वहिनींसाठी की स्वतःसाठी, ते कळलं नाही. याला मी परत दाढेत घालणार नाही.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं.

डॉक्टर आले, बोट पुढे केलं, दाढ रिकामी. "मेला?" म्हणाले. आवाज एकदम लहान झाला. मी म्हटलं, नाही, घरी आहे माझ्या, पण आत चला, बोलायचंय.

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मधे दोनच गोष्टी विचारल्या.

"हा कितवा?"

"सातवा."

"आणि तिचा?"

"वहिनी गेल्यावर चौथ्या दिवशी" असं मला म्हणवेना. नुसतं "चौथ्या दिवशी, डॉक्टर," म्हटलं. त्यांना कळलं.

त्यांनी हातमोजे काढून घातले. म्हणजे घातले, काढले, पुन्हा घातले. खुर्चीत पेशंट नव्हता. मग म्हणाले, "पुढचा पाठवा."

बाहेर येऊन पुढच्याचं नाव पुकारलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. आश्चर्य आहे.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टर बोलले नाहीत. म्हणजे कामापुरतं बोलले. "पुढचा." "एक्स-रे." "कापूस." कुणीतरी दाढेचा दिवा लावला होता. रिकाम्या पाण्यात निळा, गुलाबी, हिरवा. मी बंद केला नाही. त्यांनीही नाही.

नोकरी जाईल का? गेली तर गेली. खोटं नाही बोलत — भीती वाटते. चौदा वर्षं झाली, दुसरं काही मला येत नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज बोलावलं. चहा मागवला होता, दोन कप.

"ताई, तुम्ही का केलंत ते मला कळलं," म्हणाले. "राग आला होता. गेला. पण यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही."

मी मान हलवली. डोळे भरून आले, कप बघत बसले. वाटलं, सुटले. आता चाळीसचंही आपोआप रद्द होईल.

कसलं काय!

"दाढा परवा येतील," म्हणाले. "कार्डावर तीन वर्षं नको. पावणेदोन लिहा. तेवढं तरी खरं आहे ना?"

मी म्हटलं, डॉक्टर, दाढेत नाही जगत मासा. सात झाले. टबात घातला तर दुसऱ्या दिवशी खायला लागला. लहान जागा, घाण मुळांत बसते, त्याला वळता येत नाही — होतं नव्हतं ते सगळं बोलले.

त्यांनी शांतपणे ऐकलं. चिडले असते तर बरं झालं असतं. "टबात सगळेच पोहतील. प्रश्न दाढेचा आहे. त्याच दाढेत, तसाच मासा, तिच्या हाती पावणेदोन वर्षं राहिला. तुमच्या हाती दोन महिने. मग दोष दाढेचा कसा?"

वर्षभर मीही मनाशी हेच म्हणत आले.

"तुम्हाला कमी लेखत नाही मी," म्हणाले. "तिला जमायचं. ती काय करायची ते आठवून कार्डाच्या मागे लिहा. मुलांना उपयोगी पडेल."

काय लिहू? पाठ करून उभ्या राहायच्या, एवढंच?

२९ मार्च, शनिवार

दाढा आल्या. चाळीस खोकी वेटिंग रूमच्या भिंतीला छातीइतकी रचली. एका पेशंटबाईंनी विचारलं, "मिक्सर आलेत का?"

कार्डं लिहिली. 'पावणेदोन वर्षं.' हे खोटं नाही. तरी शेवटचं 'तुमचाही राहील' वेडंवाकडं आलं. मागच्या बाजूला लिहिलं: पाणी बदला, खाणं मोजून घाला, प्रेमाने बघा. माझं मलाच हसू आलं. प्रेमाने मीही बघितलंच होतं की.

तारवालीचं कार्ड वेगळं काढून ठेवलं. तिला टबाचं सांगणार आहे. पण एकटीला सांगून काय होणार? बाकीच्या एकोणचाळिसांना?

३१ मार्च, सोमवार

टबाच्या कोपऱ्यात पाण्यावर बुडबुड्यांचा पुंजका आलाय. हे म्हणाले, "टब नीट धुतला नव्हतास. साबण राहिलाय." बोटाने काढायला गेले तर मासा सरळ बोटावर धावून आला. हे दोन पावलं मागे. साबण नाही, ते त्याचं घर आहे. स्वतःच बांधतोय.

हे आता कपडे बादलीत भिजवतात. कुरकुर नाही.

१ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. 'लाल फायटर, शेपटीला पांढरे, नग चाळीस. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत.' उद्या सकाळी दुकानात द्यायची.

ह्यांना म्हटलं, मी नाही देणार. हे म्हणाले, "तू नाही दिलीस तर ते दुसऱ्या कुणाला देतील. आणि मग तुला नीट बघून मासेसुद्धा निवडता येणार नाहीत." खरं आहे ते. पण निवडून तरी काय! आगीतून फुफाट्यात.

२ एप्रिल, बुधवार

गल्ल्यावर मुलगा नव्हता. काठी पायाशी ठेवून म्हातारे काका बसले होते, परवाच लेकीकडून परत आलेत. मी म्हटलं, दातांच्या दवाखान्यातून आलेय, लाल फायटर हवेत. चिठ्ठी पर्समधून निघायच्या आधी काका म्हणाले, "शेपटीला पांढरं असलेला ना? आज बाई नाही आल्या?"

कोणत्या बाई?

"डॉक्टरीणबाई तुमच्या. दर दोन महिन्यांनी एक न्यायच्या. पांढऱ्या शेपटीचा आला की मी बाजूला काढून ठेवायचो त्यांच्यासाठी. म्हणायच्या, काका, डॉक्टरांना कळू देऊ नका, दाढ त्यांनी हौसेने आणलीय. माझ्याच हाताला गुण नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मग डॉक्टरांना फोन लावला आणि काकांच्या हातात दिला. माझ्या तोंडून आलं असतं तर पुन्हा मीच काहीतरी रचलं असं वाटलं असतं. काकांनी अक्षरन् अक्षर तेच सांगितलं. फोन परत माझ्याकडे.

पलीकडे खुर्चीचा आवाज आला, कुणीतरी चूळ भरत होतं.

"मासे आणू नका," डॉक्टर म्हणाले. "दाढच किडकी होती, ताई. आणि तुम्ही दोघी आपापल्या हातांना नावं ठेवत बसलात."